अप्पर, डिपर आणि आतला दिवा

कर्जत-खालापूर भागात राहणाऱ्या किंवा इकडे नातीगोती असलेल्या घरांना रात्रीचा प्रवास चुकत नाही. नेरळला निकाह, खोपोलीत वलीमा, मुंब्र्याला खालाकडे इफ्तार, पुण्याच्या दवाखान्यात कुणाला तरी भेटून परतणे. निघताना उशीर होतोच आणि मगरीब वाटेतच होते. पुढचा रस्ता अंधाराचा असतो. खोपोलीच्या वीजकेंद्रातून १९१५ साली मुंबईला वीज जाऊ लागली आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. मुंबईला उजेड देणाऱ्या या दोन्ही तालुक्यांतले बहुतेक रस्ते मात्र आजही रात्री गाडीच्या दिव्यांवरच दिसतात.

घरोघरी आता नव्या गाड्या आल्या आहेत. त्यांचे दिवे प्रखर आहेत, काही आपोआप लागतात आणि आपोआप डिपरही होतात. त्यामुळे दिव्यांकडे लक्ष देण्याची गरज उरली नाही, असा समज होतो. हा समज धोक्याचा आहे. नवी गाडी बरेच काही स्वतः करते, पण नेमके काय करत नाही, ते चालवणाऱ्याला ठाऊक हवे.

मीटर उजळला म्हणजे दिवे लागले असे नाही

जुन्या गाडीत दिव्यांचे बटण फिरवल्याशिवाय मीटर उजळत नसे. अंधार पडला की काटा दिसेनासा व्हायचा आणि हात आपसूक बटणाकडे जायचा. नव्या गाडीचा मीटर चावी फिरवताच उजळतो. शेजारचा मोठा स्क्रीनही लखलखीत असतो. पुढच्या बाजूला दिवसा लागणारे बारीक एलईडी दिवे, ज्यांना डीआरएल म्हणतात, ते इंजिन सुरू होताच लागतात. गावातल्या दिव्यांच्या रस्त्यावर तेवढा उजेड पुरेसा वाटतो. चालवणाऱ्याची समजूत होते की दिवे चालू आहेत.

पण अनेक गाड्यांत डीआरएल लागले तरी मागचे लाल दिवे लागलेले नसतात. म्हणजे समोरून येणाऱ्याला गाडी दिसते, मागून येणाऱ्याला दिसत नाही. सावरोली किंवा चौकच्या बाजूने बाजारपेठ सोडून अंधाऱ्या रस्त्याला लागताना अशी गाडी मागच्या ट्रकवाल्याला अगदी जवळ आल्यावरच कळते.

खात्री करण्याचा उपाय सोपा आहे. मीटरवर दिव्याची हिरवी खूण असेल तर दिवे लागले आहेत. निळी खूण असेल तर अप्पर लागला आहे. बऱ्याच गाड्यांत दिवे लागताच स्क्रीनचा उजेडही एकदम कमी होतो. अंधार पडूनही स्क्रीन डोळ्यांवर येत असेल, तर आधी दिव्यांचे बटण पाहावे.

दिवे 'ऑटो'वर असतील तरी निश्चिंत होऊ नये. ऑटोचा सेन्सर बहुधा काचेजवळ, डॅशबोर्डवर किंवा आरशामागे असतो आणि तो फक्त उजेड मोजतो. पावसाळ्यात बोरघाटात भर दुपारी दाट धुके असले तरी सेन्सरला तो उजेडच वाटतो आणि दिवे लागत नाहीत. तिथे बटण हातानेच फिरवावे लागते. उलट डॅशबोर्डवर मखमली कापड किंवा टिश्यूचा डबा ठेवून सेन्सर झाकला गेला, तर दिवे दिवसाही लागून राहतात. मग लोक वैतागून ऑटो बंद करतात आणि रात्री ते पुन्हा चालू करायचे राहून जाते.

मगरीब ते इशा

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, आणि एरवीही पुरेसा उजेड नसेल तेव्हा, दिवे लावणे बंधनकारक आहे. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीस सव्वासातच्या पुढे. कायद्याने अर्धा तास सवलत दिली असली तरी ती वापरू नये. मगरीबची अजान झाली की दिवे लावावेत, हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे.

कारण मगरीब ते इशा हीच वेळ डोळ्यांना सर्वात कठीण जाते. आभाळात उजेड असतो, रस्ता मात्र काळवंडलेला असतो. डोळे आभाळाच्या उजेडाला जुळवून घेतात आणि खालचे काही दिसत नाही. नेमक्या त्याच वेळी रानातून गुरे परतत असतात, मजूर कामावरून सुटतात, मुले खेळून घरी निघतात. दुचाकींसाठी हा प्रश्न बराच सुटला आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनबरोबर आपोआप लागतो. चारचाकीत ती जबाबदारी अजून आपल्याच हातात आहे.

डिपरमध्ये किती दिसते?

एक साधा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर त्यातच जातात. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २० मीटर लागतात. म्हणजे एकूण ४५ मीटर. ताशी ८० ला हेच अंतर ७० मीटरच्या आसपास जाते आणि १०० ला साधारण १०० मीटर. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त.

आता दुसरी बाजू पाहा. डिपरच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस अनेकदा ३०-४० मीटरवर आल्यावरच नजरेस पडतो. म्हणजे डिपरवर ८० च्या वेगाने जाणारा चालक माणूस दिसल्यावर ब्रेक मारूनही वेळेत थांबू शकत नाही. गाडीत एबीएस असो, एअरबॅग असो, हा हिशेब बदलत नाही.

मुरबाड-कर्जत-खोपोली रस्त्यावर, कशेळे-कडाव भागात किंवा पळसदरीच्या बाजूला या आकड्यांना फार अर्थ आहे. तिथे फुटपाथ नाही. कातकरी वाडीतली माणसे, कंपनीची पाळी संपवून स्टेशनवरून येणारे कामगार, फार्महाउसचे राखणदार, सगळे साइडपट्टीवरूनच चालतात. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली किंवा बैलगाडीही त्याच पट्टीवर असते. अशा ठिकाणी समोर कोणी नसेल तर अप्पर जरूर लावावा. अप्पर त्याचसाठी दिलेला आहे. समोरून गाडी, दुचाकी किंवा सायकल दिसली की लगेच डिपर करावा. पुढच्या गाडीच्या मागे जातानाही डिपरच हवा, कारण आपला झोत तिच्या आरशातून चालकाच्या डोळ्यांत जातो. पायी येणाऱ्यालाही डोळे असतात. त्याच्या तोंडावर अप्पर मारला तर तो गडबडून रस्त्यात येऊ शकतो.

काही गाड्यांत अप्परचा डिपर आपोआप होतो. त्यातला कॅमेरा दुसऱ्या गाडीचे दिवे ओळखतो. दिवा नसलेला माणूस, सायकल किंवा बैलगाडी त्याच्या सहसा लक्षात येत नाही आणि वळणावर तो उशीर करतो. एक्सप्रेस-वेवर तो कामाचा आहे. कर्जतच्या आतल्या रस्त्यांवर हाताने अप्पर-डिपर करणेच बरे.

आपण स्वतःही कधी चालक असतो, कधी पादचारी. इशा पढून किंवा फजरला पायी जाणाऱ्यांपैकी पांढऱ्या कुर्त्यातला माणूस चालकाला आधी दिसतो. काळ्या बुरख्यातली बहीण फार उशिरा दिसते. म्हणून हातात बॅटरी किंवा मोबाइलचा दिवा खाली धरावा, पर्सला किंवा मुलांच्या दप्तराला चमकणारी पट्टी लावून घ्यावी आणि रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. ही पट्टी सायकलच्या दुकानातही मिळते.

डिक्की भरली की झोत वर चढतो

लग्नाला निघालेली गाडी डोळ्यांसमोर आणा. पुढे दोघे, मागे दादी, अम्मी आणि दोन मुले, डिक्कीत बॅगा आणि बिर्याणीचे भांडे. मागचा भाग खाली बसतो, पुढचे नाक वर उचलले जाते आणि दिवेही वर बघू लागतात. नाक फक्त एका अंशाने वर गेले तरी ५० मीटरवर झोत सुमारे ८७ सेंटिमीटर वर चढतो. म्हणजे डिपर लावलेला असूनही समोरच्या चालकाच्या थेट डोळ्यांत. तो वारंवार दिवे मारून खुणावतो आणि आपल्याला वाटते, 'याला काय झाले? माझा डिपरच तर आहे!'

यासाठीच बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या हाताला एक लहान चाक असते. त्यावर ०, १, २, ३ असे आकडे असतात. पुढे दोघेच असतील तर ०, गाडी भरलेली असेल तर १ किंवा २, मागे बरेच वजन असेल तर ३. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. महागड्या गाड्यांत हे काम आपोआप होते. बाकीच्यांत ते चाक वर्षानुवर्षे शून्यावरच राहते, कारण ते कशासाठी आहे हे गाडी घेताना कोणी सांगत नाही.

दिवे बरोबर बसवले आहेत का, हे घरीही पाहता येते. सपाट जागेत गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी आणि डिपर लावावा. भिंतीवर उजेडाची वरची कड दिसते. ही कड दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली हवी. डाव्या हाताला ती थोडी वर चढलेली दिसली तर घाबरू नये. साइडपट्टीवरचा माणूस दिसावा म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते. कड फारच वर किंवा खाली असेल तर गॅरेजमध्ये फोकस सेट करून घ्यावा.

बल्ब बदलण्याआधी

जुन्या गाडीचा उजेड कमी पडतो म्हणून बाजारातून पांढराशुभ्र एलईडी बल्ब आणून बसवण्याची मोठी हौस आहे. त्यात अडचण अशी की, हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्याची मागची चकाकती वाटी हॅलोजनच्या तारेच्या जागेप्रमाणेच घडवलेली असते. एच-४ या नेहमीच्या बल्बमध्ये दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती अर्धा उजेड अडवते, म्हणून झोत वर जात नाही. स्वस्तातला एलईडी त्या जागी तसा बसत नाही आणि उजेड चारही बाजूंना उधळतो. आपल्याला गाडीच्या अगदी पुढचा रस्ता पांढराफेक दिसतो आणि बरे वाटते. लांबचे मात्र पूर्वीपेक्षा कमी दिसते आणि समोरच्याचे डोळे दिपतात. कंपनीतूनच एलईडी दिवे आलेल्या गाडीची गोष्ट वेगळी, कारण तिचा पूर्ण दिवाच त्यासाठी बनवलेला असतो.

नियम याबाबतीत स्पष्ट आहे. ८ मीटर समोर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, अशा माणसाला दिव्याने दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे साधारण रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची उंची.

उजेड खरोखरच कमी वाटत असेल तर आधी दिव्याची काच पाहावी. उन्हाने पिवळी पडलेली प्लॅस्टिकची काच बराच उजेड गिळून टाकते. ती घासून, पॉलिश करून घेता येते. मग दोन्ही बल्ब एकदम, त्याच वॅटचे, चांगल्या कंपनीचे बदलावेत. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते.

गाडीच्या आतला उजेड

मागच्या सीटवर मुलाने दिवा लावला की अब्बा ओरडतात, 'बंद कर, समोरचे दिसत नाही!' ते बरोबरच असते. अंधाराला सरावायला डोळ्यांना वेळ लागतो. पहिले काही मिनिटे थोडेफार दिसू लागते, पण पूर्ण सराव व्हायला २० ते ३० मिनिटे जातात. मधेच आत लख्ख दिवा लागला तर हा सराव मोडतो. शिवाय आत उजेड आणि बाहेर अंधार असेल तर समोरची काच आरशासारखी वागते. तिच्यात रस्त्याऐवजी आपलीच गाडी दिसते.

नव्या गाड्यांत असा उजेड देणाऱ्या वस्तू वाढल्या आहेत. दारांना रंगीत पट्ट्या, मधे दहा इंची स्क्रीन, मागे मुलांच्या हातात मोबाइल. रंगीत पट्ट्या रात्री बंद किंवा अगदी मंद ठेवाव्यात. स्क्रीन रात्रीच्या रंगात, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर ठेवावा आणि मीटरचा उजेडही कमी करावा. पत्ता निघण्याआधीच टाकावा. स्क्रीनवर दोन सेकंद नजर गेली की ताशी ६० वेगाने गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. युरोपात गाड्यांच्या सुरक्षेची परीक्षा घेणाऱ्या युरो एनकॅप संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा मोजक्या कामांसाठी स्क्रीनऐवजी खरी बटणे असण्याला गुण ठेवले आहेत.

मुलांचा मोबाइल हिसकावून घेण्याची गरज नाही. तो चालकाच्या मागच्या नव्हे तर डाव्या सीटवर, मांडीवर खाली आणि कमी उजेडात असू द्यावा. बाळाला दूध द्यायचे असेल, औषध शोधायचे असेल, तर मागचा लहान दिवा लावावा किंवा गाडी पेट्रोलपंपावर थांबवावी. डॅशबोर्डवरची चकाकती फ्रेम, पांढरे कागद रात्री काचेत उमटतात. आरशाला टांगलेली तसबीह डोळ्यांसमोर हलत राहते. आदराने ती दुसरीकडे ठेवावी. समोरची काच आतूनही पुसावी. आतल्या बाजूला जो तेलकट थर बसतो, तो दिवसा दिसत नाही आणि रात्री समोरच्या प्रत्येक दिव्याचा पसारा करतो. काचांवर गडद फिल्मही नको. नियमाने पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत यायला हवा.

एका वेळी मात्र आतला दिवा जरूर लावावा. नाकाबंदीत गाडी थांबवली तर पुढचे दिवे मंद करून आतला दिवा लावावा. पोलिसाला आतले चेहरे दिसतात आणि बोलणे सरळ होते.

घाट, धुके, बोगदा

धुक्यात अप्पर लावला तर उजेड थेंबांवर आपटून परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्यात डिपर आणि असतील तर खालचे फॉगलाइट लावावेत. मागचा लाल फॉगलाइट धुके संपताच बंद करावा, तो मागच्याच्या डोळ्यांना टोचतो. पावसात किंवा बोगद्यात चारही इंडिकेटर लावून गाडी चालवण्याची पद्धत पडली आहे, ती चुकीची आहे. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत. ते चालू असले की आपण वळणार की सरळ जाणार, हे मागच्याला कळत नाही. एक्सप्रेस-वेवर माडप किंवा आडोशीच्या बोगद्यात शिरण्याआधीच डिपर लावावा आणि काळा चष्मा काढावा. दुपारच्या उन्हातून आत गेलेल्या डोळ्यांना पहिली काही सेकंदे कमी दिसते.

आणि दिव्यांची मर्यादाही ओळखावी. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे माडप बोगद्याजवळ झालेल्या अपघातात माजी आमदार विनायक मेटे गेले. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे जुन्या महामार्गावर बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाजवळ बस दरीत कोसळून १३ जण दगावले. या अपघातांचा दोष दिव्यांवर टाकता येत नाही, पण दोन्ही पहाटेच्या वेळी झाले. त्या वेळी शरीर झोप मागत असते. रमजानमध्ये जागरण झालेले असेल तर जास्तच. दिवे कितीही चांगले असले तरी पेंगणाऱ्या डोळ्यांना ते उपयोगाचे नाहीत. पेंग आली की फूडमॉलवर थांबून वीस मिनिटे डोळे मिटावेत.

दिपलेले आणि थकलेले डोळे

समोरच्याने डिपर केलाच नाही तर काय करावे? त्याच्या दिव्यांकडे पाहू नये, वेग कमी करावा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवावी. सूड म्हणून आपलाही अप्पर लावू नये. मग दोघेही आंधळे होतात आणि मधे जो पायी चालणारा असतो, तो कोणालाच दिसत नाही. मागच्या गाडीचा झोत त्रास देत असेल तर आतल्या आरशाखालची खिटी ओढावी, झोत मंद होतो.

वयाचाही विचार करावा. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. घरातले मोठे माणूस 'हल्ली समोरच्या गाड्यांचे दिवे फार फाकतात' असे म्हणू लागले, तर दोष नेहमी त्या गाड्यांचाच नसतो. मोतीबिंदूची सुरुवात अशीही होते. तपासणी करून घ्यावी आणि तोवर रात्रीची गाडी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावी.

निघण्याआधी पाच मिनिटे

दिव्यांच्या काचा ओल्या कापडाने पुसा. एकाला गाडीमागे उभे करून मागचे दिवे, ब्रेकचे दिवे आणि इंडिकेटर पाहून घ्या. सगळे बसले की मागचे वजन पाहून झोताचे चाक फिरवा. स्क्रीन आणि मीटर मंद करा, पत्ता टाकून घ्या. मीटरवरची हिरवी खूण पाहा. आणि अंधाऱ्या रस्त्याला वेग तेवढाच ठेवा, जेवढ्या अंतराचा रस्ता तुमच्या दिव्यात दिसतो.